कंटेनरवरची सही आणि तिची किल्ली

पुण्यातल्या आयसरमधला ‘परम ब्रह्म’ असो, परदेशातल्या विद्यापीठाचे क्लस्टर असो किंवा आपल्याच विभागातला सामायिक सर्व्हर असो, अशा यंत्रावर हवे ते सॉफ्टवेअर मनासारखे बसवता येत नाही, कारण रूटचे अधिकार आपल्याकडे नसतात. म्हणून लायब्ररी, त्यांच्या नेमक्या आवृत्त्या आणि आपला प्रोग्राम असे सगळे एका कंटेनरमध्ये बांधून न्यायची पद्धत संशोधनक्षेत्रात रुळली. पण कंटेनर बांधणारा एक, तो उतरवून घेणारा दुसरा आणि त्याच्यावर महिनोन्‌महिने गणिते चालवणारा तिसरा असतो. ही फाइल वाटेत बदललेली नाही आणि ती खरोखर त्याच माणसाकडून आली आहे, हे या तिसऱ्याने कशावरून ओळखायचे? त्यासाठी डिजिटल सही असते. त्या सहीच्या किल्ल्या टर्मिनलवरून नीट कशा सांभाळायच्या, ते या लेखात पाहू. लेख विद्यार्थी, संशोधक आणि प्रयोगशाळेत संगणकाची बाजू सांभाळणाऱ्यांसाठी आहे.

साधन म्हणून ॲपटेनर घेतले आहे. कंटेनरसाठी प्रचलित असलेल्या डॉकरची सेवा साधारणपणे रूटच्या अधिकाराने चालते, त्यामुळे अनेक लोक वापरतात त्या महासंगणकांवर ती सहसा चालू दिली जात नाही. ही अडचण ओळखून ग्रेगरी कर्टझर यांनी लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत 2015 मध्ये सिंग्युलॅरिटीचे काम सुरू केले. 2021 मध्ये तो प्रकल्प लिनक्स फाउंडेशनकडे गेला आणि त्याचे नाव ॲपटेनर झाले. सायलॅब्ज या कंपनीची सिंग्युलॅरिटी सीई ही शाखा वेगळी चालू आहे. किल्ल्यांच्या बहुतेक कमांड दोन्हीकडे सारख्याच आहेत, फक्त पहिला शब्द बदलतो. इथे कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या.

सिंग्युलॅरिटीच्या 3.0 आवृत्तीपासून, म्हणजे 2018 पासून, पूर्ण कंटेनर एसआयएफ नावाच्या एकाच फाइलमध्ये बसतो आणि सहीदेखील त्याच फाइलच्या आत राहते. फाइल ई-मेलने पाठवा, पेनड्राइव्हवर न्या किंवा दहा वर्षे संग्रहात ठेवा, सही तिच्याबरोबर जाते. सहीची वेगळी फाइल सांभाळायची गरज नाही.

कमांड मोजक्या आहेत आणि एका दुपारी शिकून होतात. पण सहीला खरे मोल येते ते आधी घ्यायच्या दोन निर्णयांमुळे: खासगी किल्ली कोणत्या यंत्रावर राहील, आणि तिची ओळख पटवणारा फिंगरप्रिंट लोकांपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचेल. हे दोन निर्णय न घेता केलेली सही केवळ शोभेची राहते.

किल्ली तयार करताना

‘ॲपटेनर की न्यूपेअर’ ही कमांड दिली की नाव, ई-मेल आणि ऐच्छिक शेरा विचारला जातो, मग पासफ्रेज. त्यातून 4096 बिटांची आरएसए जोडी तयार होते: सही करायला एक खासगी किल्ली, सही तपासायला एक सार्वजनिक. दोन्ही आपल्या होम डिरेक्टरीत ‘डॉट-ॲपटेनर’ या लपलेल्या फोल्डरच्या ‘कीज’ उपफोल्डरात दोन वेगळ्या फाइलींमध्ये साठतात. हा आपला किल्ल्यांचा जुडगा. शेऱ्याची जागा रिकामी ठेवू नका. किल्ली कशासाठी आहे ते तिथे लिहा, उदाहरणार्थ ‘हवामान प्रारूपाचे कंटेनर’. दोन वर्षांनी जुडग्यात चार किल्ल्या झाल्या की या शेऱ्याचे महत्त्व कळते.

शेवटी सार्वजनिक किल्ली किल्लीसर्व्हरवर पाठवायची का, असा प्रश्न येतो आणि नुसते एंटर दाबले तर उत्तर ‘हो’ धरले जाते. तिथे आधी ‘एन’ दाबा. किल्ली जपून ठेवली, तिची प्रत काढली, रद्द करण्याची सोय केली, की मग पाठवायला भरपूर वेळ आहे.

पासफ्रेज रिकामा ठेवता येतो. ठेवू नका. खासगी किल्लीची फाइल चोरीला गेली तर चोर आणि तुमची सही यांच्यामध्ये तेवढाच एक अडसर असतो. ‘न्यूपेअर’ला नाव, ई-मेल आणि पासवर्ड कमांडच्याच ओळीत देण्याचीही सोय आहे. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला तिचा मोह होतो. पण ‘--पासवर्ड’च्या पुढे लिहिलेला मजकूर शेलच्या इतिहासात साठतो, आणि सामायिक यंत्रावर कमांड चालू असेपर्यंत इतर वापरकर्त्यांना ‘पीएस’ या साध्या कमांडने तो दिसू शकतो. ज्या लॉगिन नोडवर एकाच वेळी पन्नास जण असतात तिथे ही सोय वापरणे म्हणजे पासफ्रेज फळ्यावर लिहिणे.

आता पहिला निर्णय. खासगी किल्ली क्लस्टरवर तयार करू नका आणि तिथे नेऊही नका. क्लस्टरवरची होम डिरेक्टरी बहुधा नेटवर्कवरच्या सामायिक साठ्यात असते, तिच्या आपोआप प्रती निघतात, आणि प्रशासकांना ती वाचता येते. प्रशासक सज्जन आहेत की नाहीत, हा मुद्दा नाही. ज्या जागेवर आपला ताबा नाही तिथे ठेवलेली किल्ली फक्त आपली आहे, असे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. कंटेनर आपल्या लॅपटॉपवर बांधा, तिथेच सही करा आणि सही झालेली फाइल ‘एससीपी’ किंवा ‘आरसिंक’ने वर पाठवा. लिनक्सवर ॲपटेनर थेट चालते, विंडोजवर डब्ल्यूएसएल 2 मध्ये आणि मॅकवर लिमामार्फत चालवता येते. क्लस्टरवरच्या जुडग्यात फक्त सार्वजनिक किल्ल्या असाव्यात. तिथे ‘ॲपटेनर की लिस्ट --सीक्रेट’ दिल्यावर यादी रिकामी यायला हवी.

‘न्यूपेअर’ किल्लीची मुदत विचारत नाही आणि पुढे किल्ली रद्द करायची झाली तर त्यासाठी लागणारे प्रमाणपत्रही बनवून देत नाही. प्रयोगशाळेच्या नावाने वर्षानुवर्षे सही करायची असेल तर जोडी आधी ग्नू-पीजी या वेगळ्या साधनात बनवावी, असे मी आग्रहाने सुचवेन. तिथे मुदत घालता येते. दोन वर्षे ठेवा, पुढे वाढवता येते, फक्त वाढवल्यावर सार्वजनिक किल्ली पुन्हा वाटावी लागते. शिवाय ग्नू-पीजी 2.1 पासून किल्ली तयार होतानाच रद्द करण्याचे प्रमाणपत्र आपोआप बनते. ते वेगळ्या जागी हलवा. मग खासगी किल्ली निर्यात करून ‘ॲपटेनर की इम्पोर्ट’ने आत घ्या. प्रकार आरएसएच ठेवा, म्हणजे जुन्या आवृत्त्यांशी जुळवताना त्रास होत नाही.

प्रत काढायला ‘ॲपटेनर की एक्स्पोर्ट --सीक्रेट --आर्मर’ आहे. किल्ली साध्या मजकुराच्या फाइलमध्ये निघते. तिच्या दोन प्रती नेटवर्कला न जोडलेल्या दोन ठिकाणी ठेवा, आणि पासफ्रेज तिथेच चिठ्ठीवर लिहून ठेवू नका. निर्यात केलेली मूळ फाइल डाउनलोड्समध्ये विसरून राहते आणि तिथून क्लाउडवरच्या साठ्यात जाते, म्हणून ती लगेच काढून टाका.

सही करताना

सही करायची कमांड ‘ॲपटेनर साइन’ आणि पुढे फाइलचे नाव, एवढीच. जुडग्यात एकापेक्षा जास्त खासगी किल्ल्या असतील तर कोणती वापरायची ते विचारले जाते. ‘की लिस्ट --सीक्रेट’मध्ये दिसणारा क्रमांक ‘--कीआयडीएक्स’ या पर्यायाने आधीच देता येतो. क्रमांक जुडग्यातल्या जागेवरून ठरतो, किल्ली काढली किंवा घातली की तो बदलू शकतो. म्हणून स्क्रिप्टमध्ये क्रमांक घालण्याआधी यादी एकदा पाहा.

इथे अनेकांची गल्लत होते. सही फाइलच्या आत जाते, म्हणजे फाइल बदलते. सहीच्या आधी काढलेला फाइलचा शा-256 हॅश सहीनंतर जुळणार नाही. शोधनिबंधाच्या पुरवणीत किंवा रीडमी फाइलमध्ये तो हॅश द्यायचा असेल तर सहीनंतरच काढा. तसेच सही केलेल्या कंटेनरवरून नवा कंटेनर बांधला तर तो नवी फाइल असतो आणि त्यावर नवी सही लागते. फोल्डरच्या रूपातल्या सँडबॉक्सवर सही होत नाही, आधी त्याचा एसआयएफ करावा लागतो.

डॉकर हबवरून उतरवलेली इमेज ॲपटेनर एसआयएफमध्ये बदलून देते, पण त्या एसआयएफवर कोणाचीच सही नसते. तुम्ही सही केलीत तर तिचा अर्थ एवढाच, की ही फाइल तुमच्या हातून गेली. आतले सॉफ्टवेअर निर्दोष असल्याची ती हमी नाही. एसआयएफमध्ये डेफिनिशन फाइलही साठते आणि ‘ॲपटेनर इन्स्पेक्ट --डेफफाइल’ने ती वाचता येते. दुसऱ्याच्या कंटेनरवर स्वतःची सही करण्याआधी ती वाचण्याची सवय लावून घ्या. मूळ इमेज तिथे ‘लेटेस्ट’ या टॅगने आणली असेल तर महिनाभराने त्याच नावाखाली वेगळी इमेज असू शकते. टॅगऐवजी डायजेस्ट, म्हणजे इमेजचा हॅश, लिहिला असेल तरच उगम नेमका ठरतो.

पडताळणी आणि फिंगरप्रिंट

‘ॲपटेनर व्हेरिफाय’ दिले की सही करणाऱ्याचे नाव आणि फिंगरप्रिंट दिसतो. सार्वजनिक किल्ली आपल्या जुडग्यात असेल तर ‘लोकल’ असा शेरा येतो; नसेल तर कमांड ती किल्लीसर्व्हरवरून शोधून आणते आणि ‘रिमोट’ असे कळवते. या दोन शेऱ्यांतला फरक फार मोठा आहे. बँकेतला कारकून धनादेशावरची सही स्वतःकडच्या नमुन्याशी ताडून पाहतो. धनादेश घेऊन आलेल्या माणसाने सोबत आणलेला नमुना तो स्वीकारत नाही. ‘रिमोट’ किल्लीवर भरवसा ठेवणे म्हणजे आणलेला नमुना स्वीकारणे होय. सर्व्हरवर कोणीही, कोणाच्याही नावाची किल्ली बनवून पाठवू शकतो. सही गणिताने बरोबर असेल आणि माणूस भलताच असेल.

म्हणून दुसरा निर्णय फिंगरप्रिंटच्या वाटेचा. ओपनपीजीपीच्या प्रचलित चौथ्या आवृत्तीतला फिंगरप्रिंट 40 अंकाक्षरांचा असतो. लांब वाटतो म्हणून पूर्वी लोक त्यातली शेवटची आठ अक्षरेच सांगत. 2014 मध्ये एव्हिल-32 या प्रयोगाने दाखवून दिले की साध्या ग्राफिक्स कार्डावर हवी ती आठ अक्षरे असलेली बनावट किल्ली काही सेकंदांत तयार करता येते. 2016 मध्ये लिनस टोर्व्हाल्ड्स यांच्या नावाची, त्यांच्या किल्लीशी आठ अक्षरे जुळणारी बनावट किल्ली सर्व्हरवर आढळली. तेव्हापासून आखूड ओळखीवर विसंबण्याला काही आधार उरलेला नाही. सांगताना, छापताना, ताडून पाहताना चाळीसच्या चाळीस अक्षरे घ्या.

फिंगरप्रिंट कंटेनर ज्या वाटेने गेला त्याच वाटेने पाठवू नका. फाइल आणि फिंगरप्रिंट एकाच सर्व्हरवर ठेवले तर फाइल बदलू शकणारा फिंगरप्रिंटही बदलेल. प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर, शोधनिबंधात, सादरीकरणाच्या शेवटच्या पानावर, ई-मेलच्या सहीखाली अशा अनेक जागी तो द्या. सहकारी ओळखीचा असेल तर फोनवर चार-चार अक्षरे वाचून दाखवा, त्याला दोन मिनिटे पुरतात. मग समोरच्याने ‘ॲपटेनर की पुल’ आणि पूर्ण फिंगरप्रिंट देऊन किल्ली आपल्या जुडग्यात घ्यावी, आणि पुढची प्रत्येक पडताळणी ‘व्हेरिफाय --लोकल’ने करावी. या पर्यायाने सर्व्हरकडे पाहिलेच जात नाही. ज्या नोडवरून बाहेरचे नेटवर्क दिसत नाही तिथेही तो चालतो.

‘ॲपटेनर रन’ किंवा ‘एक्झेक’ आपणहून सही तपासत नाही. प्रशासकाने तशी सक्ती केली नसेल तर सही बिघडलेला किंवा सही नसलेला कंटेनर निमूट सुरू होतो. म्हणून जॉबच्या स्क्रिप्टमध्ये ‘व्हेरिफाय --लोकल’ आधी लिहा आणि पुढची ‘रन’ दोन अँपरसँडने तिला जोडा, म्हणजे पडताळणी फसली की काम तिथेच थांबेल. मात्र या तपासणीत जुडग्यातली कोणतीही किल्ली चालते. कार्यशाळेत, परिषदेत, सहज गंमत म्हणून घेतलेल्या किल्ल्या जुडग्यात साचल्या असतील तर त्यांच्यापैकी कोणाचीही सही तुमच्या कामाला पुरेशी ठरेल. जुडगा छोटा ठेवा. ‘की लिस्ट’ पाहून जे नाव ओळखता येत नाही ते ‘की रिमूव्ह’ आणि फिंगरप्रिंट देऊन काढा.

जुन्या कंटेनरांबद्दल एक इशारा. 2020 मध्ये सिंग्युलॅरिटीच्या सहीत गंभीर त्रुटी सापडल्या. फाइलच्या शीर्षभागातली काही माहिती सहीच्या कक्षेत येतच नव्हती. त्याच वर्षीच्या 3.6.0 आवृत्तीत सहीचे स्वरूप बदलले. त्याआधीच्या सह्या तपासायला ‘--लेगसी-इन्सिक्युअर’ हा पर्याय द्यावा लागतो, आणि धोका त्याच्या नावातच लिहिला आहे. असा कंटेनर हाती आला तर बनवणाऱ्याला पुन्हा सही करायला सांगा. हा पर्याय स्क्रिप्टमध्ये कायमचा बसवू नका.

सर्व्हर आणि प्रशासक

‘ॲपटेनर की पुश’ने सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर जाते. ॲपटेनरचा ठरलेला सर्व्हर कीज डॉट ओपनपीजीपी डॉट ऑर्ग हा आहे. 2019 च्या जूनमध्ये किल्लीसर्व्हरांच्या जुन्या जाळ्यावर काही नामवंतांच्या किल्ल्यांना हजारो बनावट सह्या चिकटवून त्या निकामी करण्यात आल्या. त्याच महिन्यात हा नवा सर्व्हर सुरू झाला. इथे ई-मेलची पडताळणी झाल्याशिवाय त्या पत्त्यावरून किल्ली सापडत नाही. ‘पुश’ केल्यावर ती पडताळणी आपोआप होत नाही, संकेतस्थळावर जाऊन मागावी लागते. पुश केले तरी सहकाऱ्यांना किल्ली सापडत नाही, ही तक्रार बहुधा इथेच मिटते. नावावरून शोध इथे चालत नाही, पूर्ण ई-मेल किंवा फिंगरप्रिंट द्यावा लागतो.

प्रशासकांसाठी थोडेसे. ‘ईसीएल डॉट टॉमल’ या फाइलमध्ये कोणत्या डिरेक्टरीतले कंटेनर कोणत्या फिंगरप्रिंटच्या सहीने चालतील हे ठरवता येते. ‘व्हाइटलिस्ट’मध्ये यादीतली एक सही पुरते, ‘व्हाइटस्ट्रिक्ट’मध्ये सगळ्या लागतात, ‘ब्लॅकलिस्ट’मध्ये यादीतली एकही चालत नाही. त्यासाठी किल्ल्या ‘--ग्लोबल’ पर्यायाने यंत्राच्या सामायिक जुडग्यात घ्यायच्या. त्यात फक्त सार्वजनिक किल्ल्या राहतात. पण वापरकर्त्यांना स्वतःची नेमस्पेस तयार करता येत असेल तर ते स्वतःचे ॲपटेनर बसवून ही यादी बाजूला सारू शकतात. म्हणजे ती कडी आहे, पण खिडकी उघडी आहे का तेही पाहावे लागेल.

कंपनीत डॉकर आणि कुबरनेटिस वापरणाऱ्यांना ॲपटेनरऐवजी सिगस्टोअर प्रकल्पातले कोसाइन हे साधन भेटेल. ‘कोसाइन जनरेट-की-पेअर’ने दोन फाइली तयार होतात आणि खासगी फाइल पासवर्डने बंद केलेली असते. तिथली सही इमेजच्या आत न बसता रजिस्ट्रीत इमेजशेजारी साठते, एवढा फरक सोडला तर वरचे दोन्ही निर्णय तसेच लागू पडतात. ती खासगी फाइल कोडच्या गिट साठ्यात जाऊ देऊ नका.

किल्ली हरवली, चोरीला गेली, माणूस सोडून गेला

‘की रिमूव्ह’ म्हणजे किल्ली रद्द करणे नव्हे. जुन्या आवृत्त्यांत ही कमांड फक्त स्थानिक जुडग्यातली सार्वजनिक किल्ली काढते, खासगी तशीच राहते. नव्या आवृत्त्यांत ‘--सीक्रेट’ आणि ‘--बोथ’ हे पर्याय आले आहेत. खासगी किल्ली दुसऱ्याच्या हाती गेल्याचा संशय आला तर आधी करून ठेवलेले रद्द करण्याचे प्रमाणपत्र ग्नू-पीजीमध्ये लावा, रद्द झालेली सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर पाठवा आणि वापरणाऱ्यांना थेट कळवा. त्यांनी जुनी प्रत जुडग्यातून काढावी, कारण त्यांच्याकडची प्रत बदल होण्याआधीची असते. मग नव्या किल्लीने चालू कंटेनरांवर पुन्हा सही करा. एका एसआयएफवर अनेक सह्या राहू शकतात.

सिंग्युलॅरिटीवरून ॲपटेनरवर आलेल्यांनी एक जागा जरूर तपासावी. ॲपटेनर पहिल्यांदा चालते तेव्हा जुन्या ‘डॉट-सिंग्युलॅरिटी’ फोल्डरातला जुडगा नव्या जागी उतरवून घेते, पण जुना तिथेच राहतो. म्हणजे खासगी किल्लीच्या दोन प्रती झाल्या, आणि दुसरी कोणाच्या ध्यानातही नसते.

पीएचडी संपवून कोणी बाहेर पडतो तेव्हा ‘माझी किल्ली वापरत राहा’ असे सांगून पासफ्रेज देऊन जातो. हा प्रकार थांबवायला हवा. ज्या सहीमागे माणूस नाही तिच्याबद्दल विचारायचे कोणाला? जाणाऱ्याची सार्वजनिक किल्ली जपून ठेवा, म्हणजे त्याच्या जुन्या सह्या तपासता येतील. खासगी किल्ली त्याच्याबरोबर जाऊ द्या. नव्या माणसाने स्वतःची जोडी बनवावी, चालू कंटेनर स्वतः तपासावेत आणि स्वतःच्या नावाने सही करावी.

आजच आपल्या क्लस्टरवर लॉगिन करून ‘ॲपटेनर की लिस्ट --सीक्रेट’ एवढी एक कमांड द्या. यादीत एक जरी किल्ली दिसली तरी तिची प्रत सुरक्षित जागी घ्या, क्लस्टरवरून ती काढून टाका आणि पुढची सही करण्याआधी नवी किल्ली स्वतःच्या यंत्रावर तयार करा.